बांध भक्कम हवा, पण डोळ्यांत खुपता कामा नये

शेताला बांध घालताना आपण काय पाहतो? माती धरली पाहिजे, पाणी अडले पाहिजे आणि शेजाऱ्याशी तंटा होता कामा नये. एवढे साधले की काम झाले. बांध दिसतो कसा, याचा विचार सहसा कुणी करीत नाही. तरीही एका रेषेत गेलेला, हरळीने हिरवागार झालेला बांध दिसला की वाटसरूसुद्धा म्हणतो, "शेतकरी मोठा टापटिपीचा दिसतोय." आणि टापटिपीच्या माणसाचा बांध सहसा फुटतही नाही. ज्याची नजर बांधावरून रोज फिरते, त्याला घुशीचे बीळ पहिल्याच दिवशी दिसते.

वाचकहो, आता हाच विचार शेकडो पटींनी मोठ्या बांधाला लावून पाहा. समुद्र थोपवणारे बांध, नदीचा पूर अडवणारे तट, लाटा फोडणारे दगडांचे ढीग ही कामे लाखो लोकांच्या जिवाची राखण करतात. पण ती बहुधा अशाच जागी उभी करावी लागतात, जिथे निसर्गाने सौंदर्य मुक्त हाताने उधळलेले असते. समुद्राची पुळण, नदीचा काठ, खाडीचे मुख. मग तिथे एक दिवस काँक्रीटची करडी भिंत उभी राहते. जीव वाचतो, पण गाव आपल्या समुद्राला पारखे होते.

"आधी पोटोबा, मग विठोबा. जीव वाचला तर सौंदर्य पाहता येईल," असे कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. परंतु राखण आणि देखणेपणा यांचे खरोखरच वैर आहे का? या प्रश्नाचे उत्तर ज्या देशाने चुका करीत, भांडत, खर्च करीत शोधले, त्या देशाची ही हकीकत आहे. हा देश म्हणजे नेदरलँड्स. आपण त्याला हॉलंड म्हणूनही ओळखतो.

ज्या देशाचा जीव बांधावर

नेदरलँड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालून, आतले पाणी उपसून कोरड्या केलेल्या जमिनीला तिकडे पोल्डर म्हणतात. आपल्या कोकणातली आणि गोव्यातली खाजणे पाहिली असतील, तर पोल्डर समजायला वेळ लागणार नाही. अशा जमिनीवर गाई चरतात, बटाटा पिकतो, गावे वसतात; आणि बांधाच्या पलीकडे समुद्राचे किंवा नदीचे पाणी कित्येकदा घराच्या जोत्याहून उंच असते.

बांध राखणे हे तिकडे पूर्वापार शेतकऱ्यांचेच काम. त्यासाठी तेराव्या शतकापासून जलमंडळे स्थापन होत गेली. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने बांधाचा आपला तुकडा राखायचा. ज्याला ते झेपत नसे, तो आपले फावडे बांधात रोवून निघून जाई. जो ते फावडे उपटील, त्याची जमीन आणि त्याच्याच गळ्यात बांधाची जबाबदारी! इतका कडक कायदा होता. आजही ही जलमंडळे आहेत, त्यांच्या निवडणुका होतात आणि ती स्वतंत्र पाणीपट्टी घेतात.

एवढी जागरूकता असूनही १९५३ साली घात झाला. ३१ जानेवारीच्या रात्री वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली. नैर्ऋत्येकडच्या झीलंड प्रांतात आणि आसपास शेकडो ठिकाणी बांध फुटले. १,८३६ माणसे बुडाली. दावणीला बांधलेली हजारो जनावरे जागच्या जागी मेली. देशातल्या शेतजमिनीपैकी सुमारे नऊ टक्के जमीन खाऱ्या पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर जमिनीतले मीठ काढण्यासाठी शेतकऱ्यांना जिप्सम टाकून, गोड्या पावसाची वाट पाहत हंगाम काढावे लागले. खारवट जमीन सुधारणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

या आघातानंतर सरकारने ठरवले की समुद्राची तोंडेच बंद करायची. एकामागून एक खाड्यांवर धरणे बांधली जाऊ लागली. लोकांनीही मान डोलावली. त्या वेळी सौंदर्याची गोष्ट काढणारा माणूस वेडा ठरला असता.

खाडी बंद नको, फाटक लावा

पण ऑस्टरस्खेल्डे नावाच्या सर्वांत मोठ्या खाडीची पाळी आली, तेव्हा वारे बदलले होते. या खाडीत भरती-ओहोटीच्या पाण्यावर शिंपले आणि कालवे वाढतात. यर्सेके गावची शेकडो घरे त्यांवर जगत होती. खाडी बंद झाली असती तर तिचे गोडे, निपचित तळे झाले असते. कालवे मेली असती, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर उतरणारे पक्षी गेले असते आणि खाडीचा श्वासच थांबला असता. कोळी आणि निसर्गप्रेमी एकत्र आले. "आम्हाला संरक्षण हवे, पण मेलेली खाडी नको," असे त्यांचे म्हणणे होते.

बरीच भवति न भवति होऊन १९७० च्या दशकाच्या मध्याला सरकारने आराखडा बदलला. अखंड धरणाऐवजी फाटकांचा बांध करायचे ठरले. समुद्रात ६५ अजस्र खांब उभे केले आणि त्यांच्यामध्ये ६२ पोलादी झडपा बसवल्या. एरवी त्या उघड्या असतात, भरती-ओहोटीचे पाणी ये-जा करते. तुफान आले की झडपा खाली येतात. खर्च कितीतरी वाढला, कामही लांबले. पण १९८६ साली हा बांध पुरा झाला आणि खाडी जिवंत राहिली. आजही तिथे शिंपल्यांची शेती चालते.

पुढची गंमत आणखी ऐकण्याजोगी आहे. मोठे काम संपले की मागे काय उरते, हे आपण धरणांच्या ठिकाणी पाहतोच. मुरमाचे ढीग, कामगारांच्या वस्तीची जोती, यंत्रांनी रगडलेली ओसाड जागा. इथेही तसेच झाले होते. एवढे भव्य काम, आणि त्याच्या कडेला उकिरडा! तेव्हा आद्रियान ख्यूझ या परिसररचनाकाराने एक साधी युक्ती काढली. ढीग सपाट केले आणि जवळच्या शिंपले-उद्योगातून फुकट जाणाऱ्या कवचांचे थर त्यावर पसरले. एका जातीची कवचे काळी, दुसऱ्या जातीची पांढरी. काळे-पांढरे पट्टे असे आखले की रस्त्याने जाणाऱ्याला जणू प्रचंड सतरंजी अंथरलेली दिसावी. कल्पना अशी होती की काळ्या कवचांवर गडद रंगाचे पक्षी बसतील आणि पांढऱ्यावर फिकट रंगाचे. समुद्रपक्ष्यांना उघडी, कवचांची जमीन अंडी घालायला आवडतेच. टाकाऊ माल, थोडकी मेहनत, आणि ओसाड जागेचे पाखरांचे अंगण झाले.

कुंपणानेच शेत खाल्ले तर?

समुद्राकडे असा समजूतदारपणा येत असताना नद्यांच्या काठी मात्र निराळाच प्रकार चालू होता. ऱ्हाइन नदीचा एक फाटा, वाल, या देशातून वाहतो. त्याच्या काठचे बांध जुने, वळणावळणाचे. बांधाच्या उतारालाच टेकून शेकडो वर्षांची घरे, पिअरची आणि सफरचंदाची झाडे, वाकलेले वाळुंज. चित्रकारांनी जे रंगवले ते हेच दृश्य.

इंजिनिअरांनी हिशेब केला. बांध उंच हवा, रुंद हवा, सरळ हवा. हिशेबात चूक नव्हती. त्यानुसार १९७० च्या सुमारास ब्राकेल या गावी काम झाले. बांध पक्का झाला, पण त्यासाठी बांधालगतची जुनी घरे मोठ्या संख्येने पाडली गेली. गावाचा चेहराच पुसला गेला. गाव राखण्यासाठी बांध बांधायचा आणि बांधासाठी गाव पाडायचे, हे कुंपणाने शेत खाण्यासारखेच झाले.

ब्राकेलची गत पाहून काठाकाठाने गावे सावध झाली. "आमच्याकडे असला बांध नको," म्हणून विरोध सुरू झाला. समित्या बसल्या, तारखा पडल्या, ठिकठिकाणी कामे रखडली. १९९३ च्या जानेवारीत एका सरकारी समितीने मोलाची गोष्ट सांगितली. बांध बळकट करावेच लागतील. मात्र प्रत्येक जागी वेगळा विचार करून, खुबीने आखणी करून, घरे, झाडे आणि जुनी वळणे शक्य तेवढी राखून ते करावेत. शहाणपण आले, पण उशिरा. १९९३ च्या डिसेंबरात मोठा पूर आला आणि १९९५ च्या जानेवारीअखेर त्याहून बिकट वेळ आली. बांध फुटतील या भीतीने सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. गाई, डुकरे, कोंबड्या ट्रकांत भरून हलवाव्या लागल्या. सुदैवाने बांध टिकले. मग तातडीचा कायदा करून कामे धडाक्याने पुरी केली गेली.

या हकीकतीतला धडा नीट लक्षात घ्या. कुरूपपणाची किंमत नुसती डोळ्यांनी मोजायची नसते. लोकांना जे काम बघवत नाही, त्याला ते आड येतात. काम रखडते. काम रखडले की संरक्षण रखडते, आणि पूर काही समितीचा अहवाल येईपर्यंत थांबत नाही. आधीच लोकांचे ऐकून देखणा बांध आखला असता, तर कितीतरी वर्षे वाचली असती.

शेतकऱ्यांनी स्वतः आणलेला आराखडा

पुढे या देशाने विचारच पालटला. नदीला नुसते अधिकाधिक उंच भिंतींत कोंडण्यापेक्षा तिला पसरायला जागा द्यावी, असे ठरले. २००६ च्या सुमारास मंजूर झालेल्या या योजनेत तीसहून अधिक ठिकाणी कामे झाली. योजनेला दोन उद्दिष्टे दिली होती. एक, पुराचे पाणी सुखरूप जावे. दुसरे, परिसराचा दर्जा सुधारावा, म्हणजे काम झाल्यावर ती जागा आधीपेक्षा राहायला, फिरायला, पाहायला चांगली व्हावी. ही दुसरी गोष्ट कागदावरच राहू नये म्हणून जाणकारांचे एक पथक नेमले. डर्क सैमन्स हे परिसररचनाकार त्याचे पहिले प्रमुख होते. हे पथक प्रत्येक कामाचा आराखडा पाहून सल्ला देई. इंजिनिअराच्या शेजारी परिसराचा जाणकार सुरुवातीपासून बसला, हा मोठाच बदल होता.

नायमेगेन शहरापाशी वाल नदी अरुंद होत असे. तिथे पलीकडचा बांध ३५० मीटर मागे घेतला आणि मधल्या जागेत नदीला नवा फाटा काढून दिला. सुमारे पन्नास घरे हलवावी लागली, हे दुःख होतेच. पण मधे जे लांबट बेट तयार झाले, तिथे आता लोक फिरायला जातात, मुले पाण्यात खेळतात. पूर आला की तीच जागा नदीची.

शेतकरी वाचकांना त्याहून जवळची वाटेल ती ओव्हरडीप पोल्डरची गोष्ट. सुमारे ५५० हेक्टरांचा हा टापू, तिथे सतराएक शेतकरी. बहुतेकांचा धंदा दुधाचा. मोठ्या पुरात ही जमीन पाण्याला मोकळी करून द्यावी लागेल, असे त्यांच्या कानावर आले. आपल्याकडे अशी बातमी आली की पुढे काय होते, ते सांगायला नको. पण हे शेतकरी नुसतेच विरोधाला उभे राहिले नाहीत. त्यांनी एकत्र बसून स्वतःचा आराखडा केला आणि सरकारपुढे ठेवला. नदीकाठचा बांध खाली करा. आतल्या बाजूला नवा बांध घाला, आणि त्या बांधाला लागून मातीचे उंच चौथरे उभारून द्या. आम्ही आमची घरे आणि गोठे त्या चौथऱ्यांवर नेऊ. पाणी येईल तेव्हा शेतात येईल, गोठ्यात येणार नाही.

ही कल्पना त्यांची आजोबा-पणजोबांची होती. बांध माहीत नव्हते त्या काळी, इसवी सनाच्याही आधी, या देशाच्या उत्तर किनाऱ्यावरचे लोक अशाच मातीच्या टेकाडांवर घरे बांधीत. सरकारने आराखडा उचलला. सुमारे सहा मीटर उंचीचे आठ चौथरे एका ओळीत उभे राहिले आणि २०१५ पर्यंत काम संपले. सगळेच राहू शकले नाहीत. काहींनी दुसरीकडे जमिनी घेतल्या, काहींनी शेती सोडली. पण जे राहिले त्यांच्या वाड्या त्या सपाट मुलखात हिरव्या टेकाडांवर ऐटीत बसलेल्या दिसतात. तिथे पूर साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा हिशेब आहे. उरलेली वर्षे गाई चरतात. हे संरक्षणाचे बांधकाम आहे, हे परक्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

वाळूच्या पोटात लपलेला बांध

काटवाइक हे समुद्रकाठचे गाव. किनाऱ्यावर पांढरे जुने चर्च, पुढे वाळूच्या टेकड्या, मग पुळण. गावाचे काही भाग संरक्षणाच्या रेषेच्या बाहेर राहत होते. भक्कम बांध तर हवा होता, पण समुद्र आणि गाव यांच्यात भिंत आलेली कुणालाही नको होती. तेव्हा २०१३ ते २०१५ या काळात दगडी बांध घातला आणि तो संपूर्ण वाळूच्या टेकडीखाली पुरला. वर टेकडीवरचे गवत लावले, वळणदार पायवाटा काढल्या. बांधाच्या मागे, त्याच टेकडीच्या पोटात साडेसहाशेहून अधिक मोटारी मावतील असे तळघर बांधले. उन्हाळ्यात किनाऱ्यावर मोटारींची जी गर्दी उसळे, ती जमिनीखाली गेली. आज तिथे जाणाऱ्याला दिसते ते गवत, वाळू आणि समुद्र. बांध आहे, पण तो घरातल्या तिजोरीसारखा; आहे हे ठाऊक असते, समोर मात्र मांडलेला नसतो.

देखणेपणा येतो कुठून?

या सगळ्या उदाहरणांतून काही गोष्टी निघतात. त्या आपल्या नालाबांधापासून समुद्रबांधापर्यंत कुठेही लागू पडतील.

पहिली गोष्ट रेषेची. जमिनीला स्वतःचे वळण असते. बांध त्या वळणाने गेला तर तो तिथलाच वाटतो. फूटपट्टी ठेवून ओढला तर उपरा वाटतो. दुसरी गोष्ट उताराची. उभी भिंत नजर अडवते. पसरट उतार नजरेला वर चढू देतो. आणि पसरट उतारावर लाटेचा जोर हळूहळू मोडतो, म्हणजे डोळ्यांना जे सुखावते तेच बांधालाही मानवते. अर्थात त्याला जागा जास्त लागते, हे खरे.

तिसरी गोष्ट मांडणीची. आफ्स्लाउटडाइक नावाचा ३२ किलोमीटर लांबीचा बांध १९३२ साली पुरा झाला. अलीकडे त्याच्या बळकटीचे काम झाले, तेव्हा समुद्राच्या बाजूला साडेसहा टनी काँक्रीटचे हजारो ठोकळे बसवले. पण ते कसेही ओतले नाहीत. कौले शाकारावीत तसे एकात एक अडकवून, ओळीने रचले. माल काँक्रीटचाच, पण रचना नेटकी असल्यामुळे पाहणाऱ्याला ढिगारा दिसत नाही, काम दिसते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला चार पायांचे काँक्रीटचे गोळे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना दोहोंतला फरक कळेल. तेही लाटा फोडतात, पण त्यांची रास पडते, ओळ होत नाही.

चौथी गोष्ट हिरवळीची. डच बांधांवर मेंढ्या चरताना दिसतात, त्या चित्रासाठी ठेवलेल्या नसतात. मेंढी हलकी, तिच्या खुरांनी माती दबते, उकरत नाही. गवत आखूड आणि दाट राहते, मुळांची चटई होते आणि ती चटई माती धरते. खत घालून माजवलेल्या एकाच जातीच्या गवतापेक्षा, कापून नेलेले, फुलांच्या रानवनस्पती मिसळलेले गवत मुळे खोल सोडते, असेही दिसून आले आहे. म्हणजे फुलांचा बांध नुसता सुंदर नसतो, तो धरूनही राहतो. मोठी झाडे मात्र मातीच्या बांधावर नकोत. वादळात झाड उन्मळले की मुळांबरोबर बांधाचा लचका निघतो. सजावटीच्या हौसेने आपल्याकडे पाझर तलावाच्या भरावावर झाडे लावतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि पाचवी गोष्ट वावराची. ज्या बांधावरून पायवाट जाते, जिथे संध्याकाळी म्हातारी माणसे बसतात, त्या बांधाची भेग लपत नाही. फुकटचे शंभर राखणदार मिळतात. भिंतीवर चित्रे रंगवून हे साधत नाही. वरवरचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. आकार चुकला तर तो पन्नास वर्षे चुकलेलाच राहतो.

पण उंची कापू नका

इथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. देखणेपणाच्या नावाखाली सुरक्षितता कमी करणे हा निव्वळ वेडेपणा आहे. याची साक्ष द्यायला जपानमधले फुदाई हे छोटे गाव पुरेसे आहे. १८९६ आणि १९३३ साली त्सुनामीच्या लाटांनी या गावाची धूळधाण केली होती. सरपंचासारखे तिथले प्रमुख कोतोकु वामुरा यांनी ते प्रेतांचे ढीग डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी १५.५ मीटर उंच भिंतीचा आणि तेवढ्याच उंच फाटकाचा हट्ट धरला. "एवढे उंच कशाला? पैशाची नासाडी आहे," म्हणून टीका झाली. ते हटले नाहीत. फाटक १९८४ साली पुरे झाले. ११ मार्च २०११ रोजी महाभयंकर त्सुनामी आली, तेव्हा शेजारची गावे वाहून गेली आणि फाटकाच्या आतले फुदाई वाचले. वामुरा तेव्हा हयात नव्हते. लोकांनी त्यांच्या स्मृतिस्थळी जाऊन हात जोडले.

त्याच जपानने २०११ नंतर किनाऱ्यावर शेकडो किलोमीटर उंच भिंती बांधल्या. तेव्हा कित्येक कोळी गावांनी कळकळीने म्हटले, "आम्हाला समुद्र दिसतच नाही." हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता. समुद्र मागे हटताना डोळ्यांना दिसला तर माणूस डोंगराकडे पळतो. भिंतीआड बसलेल्याला ते कसे कळावे? म्हणून काही ठिकाणी भिंतीत जाड पारदर्शक खिडक्या बसवल्या. तेव्हा उंची किती हवी ते पाण्याच्या हिशेबाने ठरू द्या. पण ती उंची कशी उभी करायची, हे गावाला विचारून ठरू द्या.

आपल्या किनाऱ्याचे काय?

कोकणात धूप-प्रतिबंधक बंधारा आता ठिकठिकाणी दिसतो. समुद्र माडाच्या बागा गिळू लागला की लोक बंधारा मागतात, आणि काळ्या दगडांची रास पुळणीवर ओतली जाते. बागायतदाराची जमीन राहते, हे खरेच. पण होडी ओढायला वाट उरत नाही, वाळूत अंडी घालायला येणाऱ्या कासवांची जागा जाते आणि पुळण पाहायला येणारा पाहुणा दगडांवर ठेचकाळतो. दगडावर आपटून परतणारी लाट पुढची वाळूही ओढून नेते, आणि बंधारा संपतो तिथे धूप वाढते, असा धोकाही असतो.

वास्तविक बांधाचे शहाणपण आपल्याला परके नाही. गोव्याच्या खाजणांत चिखल, पेंढा आणि जांभा यांचे बांध शतकानुशतके उभे आहेत. त्यांच्यातले लाकडी फाटक, ज्याला मानस म्हणतात, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. ऑस्टरस्खेल्डेच्या पोलादी झडपांचे हे जणू लहान भावंडच! बांधाबाहेर कांदळवन लाटेचा जोर खाते. रायगडच्या खारेपाटात एका बांधामागचे शेतकरी मिळून बांधाची डागडुजी करीत; त्या पद्धतीला जोळ म्हणत. डच जलमंडळाहून ती कल्पनेने निराळी नव्हती. पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल वाळू धरून ठेवते. समुद्राची मर्यादा राखणारी वेल, असेच तिचे नाव आपल्या माणसांनी ठेवले आहे.

तेव्हा तुमच्या गावात समुद्रबांध, पूरसंरक्षक भिंत किंवा नदीकाठचा तट व्हायचा असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत हे प्रश्न जरूर विचारा:

१. पाण्याची कोणती पातळी धरून उंची ठरवली आहे? ती कमी करू नका. पण भिंतीऐवजी उताराचा बांध इथे बसेल का?

२. बांध थोडा मागे घेतला तर पुळण, घाट किंवा जुनी झाडे वाचतील का?

३. होड्या, गुरे आणि माणसे यांना उतरायला वाट कुठे ठेवली आहे? पायऱ्या आराखड्यात आहेत की नंतर फोडून काढायच्या?

४. पाण्याचा मार लागत नाही अशा भागाला, कठड्याला आणि पायऱ्यांना इथलाच दगड वापरता येईल का? मातीच्या उतारावर हरळी, मारवेल किंवा वाळा कोण लावणार आणि पहिली दोन वर्षे पाणी कोण घालणार?

५. काम संपल्यावर उरलेले ढीग आणि खड्डे कोण निस्तरणार? हे करारात लिहिले आहे का?

६. दर वर्षी पावसाळ्याआधी बांध कोण पाहणार?

या प्रश्नांना फारसा पैसा लागत नाही. ते वेळेवर विचारावे लागतात एवढेच. काँक्रीट ओतल्यावर विचारलेला प्रश्न तक्रार ठरतो. आराखडा कागदावर असताना विचारलेला प्रश्न गावाच्या कामी येतो. बांध एकदाच घातला जातो, आणि नातवंडांना तो रोज पाहायचा असतो.